गाडीला कुंकू

मोटार घरी आली त्या दिवशी तिला कुंकू मीच लावलं होतं. बोनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, झेंडूचा हार घातला आणि ओवाळायला ताट उचललं, तेवढ्यात आमच्या ह्यांनी मुद्दाम भोंगा दाबला. मी ताटासकट मागे! अख्खी गल्ली खो खो हसली. अमरावतीत तेव्हा मोटारी नव्हत्या असं नाही. वकिलांकडे होत्या, कापसाच्या जिनवाल्या शेठजींकडे होत्या. पण काळ्या जमिनीत कपाशी पिकवणाऱ्याच्या दारात मोटार म्हणजे नवलच, आणि आमच्या ह्यांना नवलाची भारी हौस होती.

पुढे लढाई सुरू झाली. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायला लागलं, तेही मिळालं तर मिळालं. मोटार गोठ्याशेजारच्या शेडमध्ये विटांवर चढवून ठेवली. त्याच काळात हे विषमज्वरानं गेले. जायच्या आधी धाकट्या भावाला समोर बसवून म्हणाले, "मोटार इच्या नावानं करजो." सगळ्यांना वाटलं, तापात बरळून राहिले. बरळत नव्हते. मला मूलबाळ नाही, शेती सगळी दिराच्या हाती जाणार, हे त्यांना दिसत होतं. निदान एक वस्तू अशी असावी की जिच्या कागदावर आपल्या बायकोचं नाव आहे, असं त्यांना वाटलं असेल. जमीन सोडून मोटार देणारा नवरा! हसावं की रडावं? मी दोन्ही केलं.

तर मोटार माझी झाली. आणि तेव्हापासूनच मला तिच्यासमोर उभं राहायची बंदी झाली.

नवऱ्यामागे राहिलेल्या बाईनं शुभकार्यात समोर येऊ नये, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आणि मोटारीचं तर प्रत्येक बाहेर पडणं शुभकार्यच. लढाई संपली, मोटार विटांवरून उतरली आणि ओळखीपाळखीतली सगळी लग्नं तिच्यावर येऊन पडली. नवरदेव मिरवायचा, आणा मोटार. नवरी सासरी पोचवायची, आणा मोटार. दसऱ्याला माझी धाकटी जाऊ तिला ओवाळायची आणि मी माजघराच्या खिडकीतून पाहायची. गाडीला कुंकू आणि मालकिणीला नाही! एकदा चिडून मी जावेला म्हटलं, "अवं, तिचा बी मालक मेला. ती बी माझ्यासारखीच झाली. मंग तिले कावून कुंकू लावता?" जाऊ कानांवर हात ठेवून पळाली.

दीर माझे वाईट नव्हते, खोटं कशाला बोलू? वहिनी जेवल्या का, हे रोज विचारायचे. माझ्याशी बोलत मात्र नसत. विचारायचे ते जावेला. चार माणसांत मोटारीचा विषय निघाला की "आमची मोटार" म्हणायचे. मी आतून ऐकायची. आपलं नाव कागदावर असणं निराळं आणि कोणाच्या तोंडी असणं निराळं, हे मी त्या काळात शिकले.

दुपारी सगळे निजले की मी सुपात तूर घेऊन शेडमध्ये जायची आणि मोटारीच्या मागच्या सीटवर बसून निवडत राहायची. काचा वर करून घेतल्या की बाहेरचं काही ऐकू येत नसे. त्या भरल्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा. कधी कधी मी मोटारीशी बोलायचीसुद्धा. लोक बैलांशी बोलतात, मग मी मोटारीशी बोलले तर काय बिघडलं? पण बैल निदान कान तरी हलवतो. मला तेव्हा फार एकटं वाटायचं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं असतं तर म्हणाले असते, एवढं गोकुळासारखं घर आहे, तुम्हाला कमी काय आहे?

एक माणूस होतं माझं. जावेचा थोरला, माझा पुतण्या. तो झाला तेव्हा जाऊ वर्षभर अंथरुणाला खिळून होती, म्हणून पोर माझ्याच कुशीत वाढलं. मला मोठमाय म्हणायचा. मोठा झाला, शेतीचं पाहायला लागला, तरी बाहेरून आला की आधी "मोठमाय कुठं हाये?" मग पायातल्या वहाणा काढायचा. त्याच्यासाठी पोरगी मी शोधली. माझं माहेर अकोल्याचं. माहेरच्या गल्लीतलीच, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली पोरगी. लग्न अकोल्याला ठरलं. माझ्या गावात, मी जमवलेलं, मी वाढवलेल्या पोराचं लग्न, आणि माझ्याच मोटारीतून नवरदेव जाणार. मी सोडून सगळे जाणार होते. मी कोणाला विचारलंही नाही. विचारून नकार ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं.

त्याच वर्षी नवा कायदा आला होता की विमा उतरवल्याशिवाय मोटार रस्त्यावर काढायची नाही. विम्याचा एजंट घरी आला. कागद माझ्या नावाचा, त्यामुळे मला बैठकीत बोलवावंच लागलं. दाराआड उभी राहून मी विचारलं, मोटार फुटली तर भरून देता का? तो म्हणाला, "नाही बाई. हा विमा तुमच्या मोटारीचा नाही. तुमच्या मोटारीखाली जो येईल, त्याचा आहे." दीर मोठ्यानं हसले. "घ्या! म्हंजे पैसे आपुन भराचे अन् कामी येईन दुसऱ्याच्या!" मला मात्र ते ऐकून बरं वाटलं. ओळख ना पाळख अशा रस्त्यावरच्या माणसाचं आपण काही लागतो, असं कायद्यानंच सांगितल्यासारखं वाटलं. मी सही केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मोटारीच्या ड्रायव्हरची बायको मागच्या दारानं आली. धापा टाकत होती. म्हणाली, "मालकीनबाई, ह्यायले हीव भरलं हाये, उद्या काही उठत नाहीत. पन निरोप देला का मोटारचा बिरेक लागून नाई राह्यला. उतारावर तं बिलकुल भरोसा नाई. दुरुस्ती केल्याशिवाय मोटार काढू नका म्हने."

दीर तेव्हा पाहुणे आणायला बडनेऱ्याच्या स्टेशनावर गेलेले. ड्रायव्हर नसला तर ते स्वतः चालवणार, हे उघड होतं. त्यांना चालवायची हौसच होती. मी जावेला गाठलं आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण मोटारीच्या भीतीनं नव्हे. "बाई, उद्या पोरगं बोहल्यावर चढून राह्यलं अन् तुमी आज मोडतोडीची भाषा करता? असं अभद्र तोंडातून काढू नये."

"अवं, अभद्र मी नाई बोलून राह्यले, बिरेक बोलून राह्यला!"

"सांगीन मी ह्यायले," ती म्हणाली आणि वळली. मी विश्वास ठेवला. आईच ती, माझ्यापेक्षा तिला काळजी जास्त, असं मला वाटलं.

सकाळी वाजंत्री सुरू झाली. मी माजघरात. खिडकीतून पाहते तर मोटार दारात उभी, हार घातलेली, चाकाखाली लिंबू. दीर स्टिअरिंगवर बसलेले. मारोतीचं दर्शन घेऊन आलेला नवरदेव मुंडावळ्या सावरत आत बसत होता. शकुनासाठी एक सवाशीण पाण्यानं भरलेली घागर घेऊन समोरून यायला गल्लीच्या कोपऱ्यावर उभी केलेली होती. सगळं कसं जागच्या जागी. फक्त मोटारीचं बोनेट कोणी उघडलेलं नव्हतं, मिस्त्री आलेला नव्हता. जावेनं सांगितलंच नव्हतं. लग्नाच्या घरात अपघाताचं नाव काढायचं कसं, म्हणून तिनं तो निरोप गिळून टाकला होता.

मी धावले. माजघरातून बैठकीत, बैठकीतून थेट ओट्यावर. "थांबा!" ओरडले. "बिरेक पाहा! बिरेक!"

वाजंत्र्यांत कोणाला काय ऐकू जाणार? पण दिसलं सगळ्यांना. पांढऱ्या कपाळाची बाई, हात वर केलेली, ऐन निघताना, मोटारीच्या तोंडासमोर. घागरवाली सवाशीण कोपऱ्यावरून निघालीच होती, ती मला पाहून जागच्या जागी थबकली. वाजंत्री एकेक करून बंद पडली. जावेनं माझा दंड असा धरला की बांगड्या असत्या तर फुटल्या असत्या. आणि मोटारीतून पुतण्यानं तोंड बाहेर काढलं. त्याला राग आलेला नव्हता, ते मला आजही आठवतं. तो घाबरला होता. हलक्या आवाजात म्हणाला, "मोठमाय, तू आंदर जाय ना."

त्यानं तसं म्हटल्यावर मी वर केलेले हात खाली घेतले. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी चारदा ओरडले असते. जावेनं मला ओढत मागच्या खोलीत नेलं. तिथं मी पुन्हा म्हटलं, "बिरेक लागत नाई, सांग त्यायले, पाया पडते तुझ्या." ती रडत म्हणाली, "आता तरी गप बसा हो!" आणि तिनं बाहेरून कडी घातली.

पुढे जे झालं ते आमच्याकडेच होऊ शकतं. निघताना अपशकुन झाला तर तसंच पुढे जायचं नसतं. नवरदेवाला मोटारीतून उतरवून पुन्हा घरात आणलं. पाटावर बसवलं, पाणी दिलं, गूळ हातावर ठेवला. मोटारीवरून लिंबू उतरवून टाकलं, चाकांवर पाणी शिंपडलं, दुसरा हार आणवला. सवाशिणीची घागर ओतून नव्यानं भरली. चांगला अर्धा तास हे चाललं होतं, आणि ते सगळं मी दाराच्या फटीतून ऐकत होते. माझी दृष्ट काढायला अर्धा तास! तेवढ्यात कोणीतरी मोटार पुढेमागे करून ब्रेकवर एकदा पाय दिला असता तरी कळलं असतं. मग पुन्हा वाजंत्री वाजली आणि मोटार गेली.

बडनेऱ्याच्या पुढे रस्ता एका नाल्यात उतरतो. खाली रपटा आहे, पावसाळ्यात वरून पाणी वाहतं एवढाच तो बुटका पूल. समोरून एका माळ्याची बैलबंडी वांगी भरून चढावर येत होती. माणूस जागा होता, मोटार पाहून त्यानं बंडी अगदी कडेला घेतली होती. त्याची काडीची चूक नव्हती. मोटार उतारावर थांबलीच नाही. एक बैल जागीच मेला. माळ्याचा पाय चाकाखाली आला, तो दवाखान्यात मांडीपासून कापावा लागला. दिरांना खरचटलं. पुतण्याचा हात मोडला, कपाळ फुटलं. मागून येणाऱ्या वऱ्हाडाच्या लॉरीत घालून त्याला अकोल्याला नेलं, हात बांधला आणि संध्याकाळच्या मुहूर्तावर लग्न लावलं.

मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, कामवालीकडून. पोर जिवंत आहे हे ऐकून मी चुलीपुढे मटकन बसले आणि रडले. मग माळ्याच्या पायाचं ऐकलं आणि रडणं थांबलं.

अमरावतीत एकच बोलणं झालं. विधवा आडवी गेली. मांजर आडवं जावं तसं! ज्या बायका मला इतकी वर्षं ओळखत होत्या, त्या नळावर मला पाहून हंडे उचलायला लागल्या. आणि गंमत बघा, आजवर "आमची मोटार, आमची मोटार" म्हणणारे दीर पोलिसांपुढे पहिल्यांदा म्हणाले, "मोटार वहिनीच्या मालकीची आहे." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते ऐकायची मला केवढी आस होती! असं ऐकायचं होतं, होय?

मी जावेला म्हटलं, सांग आता सगळ्यांना, की मी निरोप दिला होता. ती माझ्या पायाशी बसली. "बाई, पोराले कळलं का मायनंच निरोप दाबला, तं थो माह्यं तोंड पाहीन का?" माझं तोंड तो पाहात नव्हताच. नवी सून घेऊन आला, तेव्हा जोडीनं पाया पडायला माझ्या खोलीत आलेला नव्हता.

मी ठरवलं होतं, त्याला स्वतःच सांगायचं. जाऊ काय म्हणायची ते म्हणो. पण त्याआधी माळ्याची बायको आली. ओट्याच्या पायरीवर बसली, रडली नाही. म्हणाली, "बाई, पाय गेला, बैल गेला. मळ्याले पानी कोन देईन? मोट कोन हाकलन? तुमचा काही इमा हाये म्हनते. भेटन का आमाले?"

मी म्हटलं, भेटन. तुमच्यासाठीच तर उतरवला होता.

दुसऱ्या दिवशी दीर पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. विमा कंपनीचा साहेब नागपूरहून जबानी घ्यायला येणार होता. "वयनी, थो एकच गोष्ट इचारीन. ब्रेक खराब हाये हे मालकाले मालूम होतं का. मालूम होतं म्हनान, तं कंपनी हात वर करीन. वर्षानुवर्षं कोर्टात भांडत बसन. माळी तवलोक उपाशी मरन." ते स्वतःचंही बोलत होते, मला काय कळत नाही? ब्रेक नसलेली मोटार चालवली म्हणून त्यांच्यावरही खटला होता. ड्रायव्हरला त्यांनी आधीच गप्प केलं होतं. पण माळ्याचं जे ते म्हणाले, ते खोटं नव्हतं.

मी दिवसभर शेडमध्ये बसले. मोटार नव्हती, नुसता तेलाचा डाग होता जमिनीवर. खरं सांगितलं तर माझं पोर मला परत मिळत होतं, आणि माळ्याची भरपाई लटकत होती. नाही म्हटलं तर माळ्याचा मळा राहत होता, आणि मी जन्मभर आडवी गेलेली बाई राहत होते. माझ्या बाजूनं बोलणारं कोणी असतं, तर मी त्याला विचारलं असतं. कोणी नव्हतं. म्हणून मीच ठरवलं.

साहेब आला. बैठकीत मला खुर्ची दिली. पुरुषांच्या बैठकीत मी तेव्हा पहिल्यांदा खुर्चीवर बसले. दीर उभे होते. पुतण्या कॉटवर, हात गळ्यात बांधलेला. दाराशी माळ्याची बायको, माजघराच्या पडद्याआड जाऊ. साहेबानं विचारलं, "बाई, मोटारीचा ब्रेक नादुरुस्त आहे हे तुम्हाला आधी ठाऊक होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

दिरांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठी बोलले. त्यांच्यासाठी बोलले असते तर जीभ झडली असती माझी. साहेब लिहीत होता. तेवढ्यात पुतण्या कॉटवर उठून बसला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो सरळ माझ्याकडे बघत होता.

"मंग मोठमाय," त्यानं विचारलं, "तू समोर कावून आली होती?"

पडदा हलला. पण जाऊ बाहेर आली नाही.

"तुले पाहाले," मी म्हणाले. "नवरदेव झालेला पाहाले."

"एवढ्यासाठी?" तो म्हणाला, आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

साहेबानं दाखवलं तिथं मी सही केली. माळ्याला भरपाई मिळाली, उशिरा पण मिळाली. पुतण्या पुढे माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. मला जेवायला वाढलं की नाही हे तोही वडिलांसारखं बायकोला विचारायचा. फक्त कुठं बाहेर निघाला, बायको-लेकरं दारात जमली, की आधी आत वळून विचारायचा, "मोठमाय आंदर हाये ना?" कोणी उत्तर द्यायच्या आत मीच ओ द्यायची, "हाव रे बाबू, आंदरच हाओ मी. जाय तू."